ट्रायफिनाइलफॉस्फीन पहिल्यांदा वापरताना

बाटली उघडण्याआधी हातमोजे आणि चष्मा घाल, आणि वजन फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) कर. हे पांढरं स्फटिकी घन साधं दिसतं म्हणून लोक गाफील राहतात. पण ते पोटात गेलं तर अपायकारक आहे, त्वचेला त्याची ॲलर्जी होऊ शकते आणि वारंवार संपर्क आला तर मज्जासंस्थेला इजा होते. भुकटी उडू देऊ नकोस. ज्वाळेपासून लांब ठेव, कारण जळताना विषारी धूर निघतो.

घन स्वरूपात ते हवेत बऱ्यापैकी टिकतं. द्रावणात मात्र हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन ऑक्साइड बनतं. म्हणून जुन्या बाटलीवर विसंबू नकोस, आधी वितळणबिंदू बघ. शुद्ध असेल तर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास झटकन वितळतं. आधीच ओघळायला लागलं तर गरम इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकीकरण कर.

विटिग, मित्सुनोबू, श्टाउडिंगर या सेंद्रिय अभिक्रिया, सगळीकडे हे लागतं. श्टाउडिंगरमध्ये नायट्रोजन वायू सुटतो, तेव्हा फ्लास्क बंद ठेवायचा नाही. तिच्यात वापरायचं ॲझाइड (नायट्रोजनचे तीन अणू ओळीने जोडलेलं संयुग) स्फोटक असू शकतं, त्यामुळे ही अभिक्रिया एकट्याने करू नकोस.

खरी डोकेदुखी नंतरची, अभिक्रियेत तयार झालेलं ऑक्साइड काढण्याची. ते पाण्यात विरघळत नाही आणि कॉलममध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीत) उत्पादनाच्या मागे शेपटीसारखं रेंगाळतं. इथेनॉलमध्ये झिंक क्लोराइड घालून बघ, ऑक्साइड झिंकशी जोडलं जाऊन त्याचा साका खाली बसतो आणि गाळता येतो. मला हा उपाय कॉलमपेक्षा आवडतो, फक्त तुझं उत्पादन झिंकला सोसणारं हवं.