वाचकांचे प्रश्न : हाडाची शस्त्रक्रिया, आधी पडद्यावर

प्रश्न : माझ्या भावाच्या हाताचं हाड मोडल्यावर वाकडं जुळलं. तळहात पूर्ण वर वळत नाही. संगणकावर आराखडा करून हाड पुन्हा कापून सरळ करू, असं डॉक्टर म्हणतात. त्यासाठी दोन्ही हातांचा सीटी स्कॅन सांगितलाय. चांगल्या हाताचा कशाला?

उत्तर : कारण चांगला हात हाच इथे नमुना. त्याच्या हाडाची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी करून वाकड्या हाडावर ठेवतात. कोपराकडचा भाग एकमेकांवर नीट बसवला, की मनगटाकडचा भाग किती वाकलाय, किती सरकलाय आणि किती पिळलाय, हे वेगवेगळं मोजता येतं. एक्स-रेत वाक दिसतो, पीळ सहजी हाती लागत नाही. मात्र निरोगी माणसाचेही दोन्ही हात तंतोतंत सारखे नसतात, पिळात काही अंशांचा फरक असतोच. त्यामुळे पडद्यावर दशांश चिन्हापुढे दिसणारे आकडे फार मनावर घेऊ नका.

स्कॅनमध्ये कोपर आणि मनगट दोन्ही सांधे पूर्ण यायला हवेत आणि कापांची, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका थराची, जाडी १ मिमी किंवा त्याहून कमी हवी. फिल्म आणि रिपोर्ट पुरत नाहीत. डायकॉम फाइलींची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची, पूर्ण मालिका मागून घ्या. बऱ्याचदा हाती पडतो तो ३ ते ५ मिमी जाडीचा संच; त्यातून बनवलेल्या हाडाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात आणि त्यावर गाइड बनवणं व्यर्थ.

गाइड म्हणजे हाडाच्या ठरावीक जागीच बसेल असा छोटा ठोकळा. त्यात करवतीसाठी खाच आणि ड्रिलसाठी भोकं असतात. खरी युक्ती भोकांत आहे. प्लेटच्या स्क्रूंची भोकं हाड कापण्याआधीच पाडतात, आणि वाकड्या हाडावर ती एका रांगेत नसतात. हाड कापून प्लेट ठेवली आणि स्क्रू त्याच भोकांतून घेतले, की दोन्ही तुकडे ओढले जाऊन ठरलेल्या जागी येतात. थिएटरमध्ये कोन मोजत बसावं लागत नाही.

प्रश्न : मी अस्थिरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. मॉडेलवर नीट बसणारं गाइड प्रत्यक्ष हाडावर डुगडुगतं. असं का होतं?

उत्तर : पहिला संशय मऊ ऊतींवर घ्या. गाइड सीटीतल्या हाडाच्या पृष्ठभागावर बेतलेलं असतं. साध्या सीटीत कूर्चा धड दिसत नाही, आणि हाडावरचं आवरण आराखड्यात धरलेलंच नसतं. २० मिमी लांबीच्या गाइडच्या एका टोकाखाली १ मिमी ऊती राहिल्या तरी गाइड जवळजवळ ३ अंशांनी कलतं. गाइडच्या पायाखालची जागा हाड उघडं पडेपर्यंत साफ करा. उगाच त्यापलीकडे सोलू नका, हाडाचा काही रक्तपुरवठा तिथूनही होतो.

दुसरं कारण थ्रेशोल्ड, म्हणजे सीटीत किती घनतेपासून पुढचा भाग हाड धरायचा ती सीमा. तो चढा ठेवला तर पातळ कडा गळतात, मॉडेल बारीक होतं आणि गाइड घट्ट होऊन पूर्ण खाली बसत नाही. उतरता ठेवला तर मॉडेल फुगतं आणि गाइड सैल पडतं. तिसरी चूक जागेची. हाडाच्या गुळगुळीत गोल दांड्यावर गाइड फिरतं. एखादी धार किंवा उंचवटा पकडीत आला पाहिजे. शंका वाटली तर दोन तारा एकमेकींना समांतर न ठेवता घाला, सी-आर्मवर (थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर) पाहा आणि मगच करवत चालवा. गाइड बसत नसेल तर दाबून बसवू नका. ते बाजूला ठेवून नेहमीच्या पद्धतीने करण्याची तयारी आधीच हवी.

प्रश्न : गाठीसाठी जबड्याचा भाग कापून तिथे पायाचं हाड लावणार आहेत. आराखडा तयार होऊन बरेच दिवस झाले. तो चालेल का?

उत्तर : हे तुमच्या सर्जनना आवर्जून विचारा. कापण्याची रेषा स्कॅनच्या दिवशीच्या गाठीवरून आखलेली असते. मध्ये गाठ वाढली तर ती रेषा अपुरी पडते. म्हणून काही ठिकाणी थोडी पुढची दुसरी खाचही गाइडमध्ये ठेवतात. पायाचं हाड, म्हणजे फिब्युला, घोट्याजवळ साधारण ६ ते ८ सेंमी तसंच सोडतात, नाहीतर घोटा डळमळीत होतो. पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणीही आराखड्याआधीच व्हायला हवी. दातांत धातू भरलेला असेल तर सीटीत तिथे रेषांचा गोंधळ उडतो, म्हणून दातांचा वेगळा स्कॅन घेऊन तो जोडतात.

प्रश्न : साध्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकचं गाइड छापलं तर?

उत्तर : समजावून सांगायला हाडाचं मॉडेल छापा, खुशाल. गाइड नको. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, तापमान १२१ किंवा १३४ अंश असतं. गाइड वाकडं होऊन बाहेर येईल आणि नुसत्या डोळ्यांना ते कळणारही नाही. वैद्यकीय वापरासाठी प्रमाणित रेझिन किंवा नायलॉन घ्या, आणि निर्जंतुकीकरणाचं चक्र उत्पादकाने सांगितलंय तेच ठेवा. ड्रिलच्या भोकांत धातूची नळी बसवली तर प्लास्टिकचा कीस जखमेत पडत नाही.