मॅस्कॉट, मस्करी आणि ‘निवृत्त केला’

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने आपल्या खेळाच्या संघाचा जुना मॅस्कॉट रिटायर केला आणि चाहते अजूनही त्यावर चिडलेले आहेत, अशी हकीकत मराठीत लिहायची आहे. ‘विद्यापीठाने शुभंकर निवृत्त केला’ हे वाक्य बरोबर आहे का?”

नाही. (मॅस्कॉट म्हणजे संघाची ओळख म्हणून मैदानात नाचवायचं पात्र; ‘शुभंकर’ हा त्यालाच दिलेला मराठी शब्द.) ‘विद्यापीठाने’ तेवढं ठेवा, बाकीचं खोडा.

‘निवृत्त केला’ हल्ली रोज कानावर आदळतं, म्हणून ते आधी. निवृत्त म्हणजे मागे वळलेला. ‘वृत्’ म्हणजे वळणं, ‘नि’ लागून परत फिरणं. वळणारा स्वतः वळतो. माणूस निवृत्त होतो, मन निवृत्त होतं. सरकार एखाद्याला सक्तीने निवृत्त करतं, तेव्हा तो ‘सक्तीने’ शब्द मुद्दाम घालावा लागतो, यातच सगळं आलं. ‘विराट’ ही विमानवाहू नौका २०१७मध्ये मुंबईत निवृत्त झाली हे मी एक वेळ चालवून घेईन, नोकरी तरी तिने केली होती. पण घोषणा निवृत्त केली, गाणं निवृत्त केलं, मोबाइलचं मॉडेल निवृत्त केलं? त्यांना पेन्शन कोण देतंय?

इंग्रजीतला ‘रिटायर’ मोठा धोरणी शब्द आहे. फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ मागे ओढून घेणं. खेळाच्या मैदानावर तो दोन उलट कामं करतो. थोर खेळाडूचा जर्सी क्रमांक ‘रिटायर’ करतात तो मान असतो: हा आकडा आता दुसऱ्या कुणाचा नाही. आपल्याकडे याची चव २०१७मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने घेतली. कोलंबोत पहिला एकदिवसीय सामना खेळताना पाठीवर १० होता, म्हणजे सचिनचा आकडा. लोकांनी त्याला असं काही फैलावर घेतलं, की पुढे बिचारा ५४ घालून खेळू लागला. मराठीत याला ‘क्रमांक राखून ठेवला’ म्हणतात. साधं, स्वच्छ, आणि मान त्यात आलाच.

पण एखादी प्रथा लोकांना झोंबते, तिच्यावर वर्षानुवर्षं भांडणं होतात आणि शेवटी ती बंद करावी लागते, तेव्हाही विद्यापीठं हाच शब्द वापरतात. ‘बंद केली’ म्हटलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं. ‘रिटायर केली’ म्हटलं की जणू म्हातारीला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवली. इंग्रजीची ही लबाडी मराठीत आयात करायची काही गरज नाही. आपण ‘बंद केली’ म्हणावं.

आता ‘शुभंकर’. सरकारी टाकसाळीतून आलेलं नाणं. १९८२च्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला शेरा वाघ, त्यांच्यासाठी ठीक होतं, कारण ते निरुपद्रवी होते. व्याकरणाने शब्द निर्दोष आहे. ‘भयंकर’ ज्या साच्यातून निघाला त्याच साच्यातला. पण ज्या सोंगामुळे एका समाजाला आपली टर उडवली जाते असं वाटतं, त्याला ‘शुभ करणारा’ म्हणणं म्हणजे भांडणात आधीच एका बाजूला जाऊन बसणं. शुभं करोति कुणाचं, हाच तर तिथला वाद आहे.

तुम्ही विद्यापीठाचं नाव दिलेलं नाही. इलिनॉय धरून चालतो, कारण तिथलं भांडण मुळातच शब्दांचं होतं. १९२६च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात लेस्टर लॉइटविलर नावाचा विद्यार्थी आदिवासी सरदाराचा वेश करून नाचला. हा ‘चीफ इलायनिवेक’. तो नाच त्याने बालवीरांच्या पथकात शिकलेल्या गोष्टींवरून बसवला होता. पुढे पोशाख सू लोकांकडून आणले, म्हणजे पार पश्चिमेकडच्या माळरानातल्या लोकांचे. ज्यांचं नाव लावलं होतं त्या इलिनॉय लोकांचे ते नव्हेतच. कोळ्यांचा नाच म्हणायचा आणि नेसवायचं राजस्थानी धोतर, तसलाच प्रकार. हे ८१ वर्षं चाललं.

१९८८मध्ये शार्लीन टीटर्स ही स्पोकेन जमातीची चित्रकार तिथे शिकायला आली. मुलांना घेऊन सामना बघायला गेली, तर मैदानात पिसांचा टोप घातलेला एक गोरा मुलगा नाचतोय आणि हजारो लोक टाळ्या पिटताहेत. ती फलक घेऊन स्टेडियमबाहेर एकटी उभी राहू लागली. इलिनॉय लोकांचे वंशज, म्हणजे आता ओक्लाहोमात असलेली पिओरिया जमात, त्यांनी २०००मध्ये ठराव केला की हे थांबवा. २००५मध्ये कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने या प्रतीकाला ‘वैरभावी किंवा अपमानकारक’ ठरवून विद्यापीठाचा हंगामानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धांचे सामने भरवण्याचा हक्क काढून घेतला, तेव्हा कुठे चक्रं हलली. २१ फेब्रुवारी २००७ रोजी मिशिगनविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्यात चीफ शेवटचा नाचला. प्रेक्षागृहात लोक ढसाढसा रडले. त्यानंतरही वर्षानुवर्षं मध्यंतरात बँडने ती जुनी धून धरली की लोक उभे राहून हाताची घडी घालायचे आणि शेवटी ‘चीफ!’ अशी आरोळी ठोकायचे. मैदान रिकामं, नाचणारा नाही, आणि आरोळी चालू.

नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे चाहते याहून खमके. तिथल्या संघांच्या ‘फायटिंग सू’ या नावाला विरोध वाढू लागला, तेव्हा राल्फ एंगलस्टॅड या लास व्हेगासच्या कॅसिनोमालकाने, तोही तिथलाच माजी विद्यार्थी, धमकी दिली की नाव बदललंत तर तुमच्यासाठी बांधतोय ते हॉकीचं स्टेडियम अर्धवट सोडून देईन. २००१मध्ये ते उघडलं, तेव्हा खुर्च्यांपासून फरशीपर्यंत सरदाराच्या तोंडाचं चिन्ह हजारो ठिकाणी कोरलेलं होतं. काढायला गेलात तर इमारतच खरवडावी लागेल, असा हिशेब. २०११मध्ये तर विधिमंडळाने हे नाव ठेवलंच पाहिजे असा कायदा केला, मग तो मागे घेतला आणि २०१२मध्ये राज्यभर मतदान झालं. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नाव सोडून द्यायला मान्यता दिली. कायदा करून राखलेली परंपरा हा शब्दप्रयोगच मला विनोदी वाटतो, पण ते राहू द्या.

मला सांगायचं आहे ते इलिनॉयच्या समर्थकांचं एक वाक्य. ते पोटतिडकीने म्हणायचे: “चीफ मॅस्कॉट नाहीच, तो प्रतीक आहे.” मॅस्कॉट म्हणजे कोलांट्या मारणारा कापडी अस्वल; आमचा चीफ गंभीर, पवित्र. म्हणजे ‘मॅस्कॉट’ या शब्दात थट्टा आहे, हे त्यांच्या कानाला नेमकं कळलेलं होतं. आणि इथेच माझा लाडका शब्द येतो.

इंग्रजीत ‘मॅस्कॉट’ फ्रेंचमधून आला. १८८०मध्ये पॅरिसमध्ये एक संगीतिका रंगमंचावर आली. तिची नायिका टर्की राखणारी मुलगी, आणि ती ज्याच्या घरी राहील त्याचं नशीब फळफळतं. संगीतिका गाजली आणि तिच्या नावातला शब्द दोन-चार वर्षांत इंग्रजांच्या तोंडी बसला. फ्रेंचमध्ये तो दक्षिणेकडच्या प्रोव्हान्साल बोलीतून आला होता. तिथे ‘मास्को’ म्हणजे चेटकीण. चेटकिणीचा तोडगा तो मॅस्कॉट. (शुभंकरवाल्यांनो, ऐकताय?) त्याच्या मागे जुन्या लॅटिनमधली ‘मास्का’. इटलीतल्या लोम्बार्ड राजा रोथारीच्या ६४३च्या कायद्यात ती भेटते: दुसऱ्याच्या दासीला ‘मास्का’ ठरवून कुणी मारू नये. तिकडेही हेच चालायचं तर.

याच ‘मास्का’शी ‘मास्क’ म्हणजे मुखवटा जोडतात. इटालियनमध्ये ‘मास्केरा’, स्पॅनिशमध्ये ‘मास्कारा’. तुमच्या घरी आरशासमोर पडलेली ती पापण्यांची काळी कांडी, तीही यांच्यातलीच. आता अरबीकडे या. तिथे ‘मस्खरा’ म्हणजे टिंगलीचा विषय, विदूषक; धातू ‘स-ख-र’, थट्टा करणं. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि ‘मसखरा’ झाला, ‘मस्करी’ झाला. युरोपातला मुखवटा याच अरबी विदूषकाचा, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. ते बरोबर असतील तर मॅस्कॉट आणि मस्करी एकाच घरची भावंडं निघतात.

यावर विरोधक रोथारीचा कायदाच पुढे करतात. ६४३ साली इटलीत अरबी शब्द कुठून येणार? अरब स्पेनात उतरले ते ७११मध्ये. मुद्दा बिनतोड आहे, मी मानतो. पण मग ‘मास्केरा’तला ‘र’ कुठून आला ते सांगा. ‘मास्का’त ‘र’ नाही, ‘मस्खरा’त आहे. ‘र’ काही वाऱ्यावरून उडत येत नाही. माझं मत असं: चेटकीण तिथली जुनीच, विदूषक नंतर भूमध्य समुद्रावरून व्यापाऱ्यांबरोबर आला, आणि दोघांची एकाच वेशभूषेच्या पेटीत गाठ पडली. तोंड एकीचं, नाव दोघांचं. हे सिद्ध झालेलं नाही, पण कानाला पटतं, आणि ‘र’चा हिशेब लागतो.

आमच्याकडच्या काही पंडितांना मात्र अरबी शब्दाचं नाव काढलं की अंगावर पाल पडते. ते ‘मस्करी’ संस्कृतातून काढतात. पाणिनीचं सूत्र आहे: मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः। मस्कर म्हणजे बांबू, मस्करी म्हणजे परिव्राजक. मग म्हणे भोंदू परिव्राजकांची लोक टवाळी करायचे, म्हणून टवाळीला ‘मस्करी’. वा! संन्याशापासून टवाळीपर्यंतचा पूल कुठल्या ग्रंथात दिसतो? दाखवा, मी टोपी काढतो. इकडे फारसीत तोच उच्चार, तोच अर्थ, शेजारी सख्खा भाऊ ‘मसखरा’ उभा, आणि तरी यांना बांबूच हवा.

त्यात पतंजलीने त्या मस्करीबद्दल काय लिहिलंय ते तरी वाचावं. मा कृत कर्माणि, मा कृत कर्माणि, शान्तिर्वः श्रेयसी: कर्मं करू नका, करू नका, शांतीच तुम्हाला बरी. असं सांगत फिरतो म्हणून तो मस्करी. म्हणजे पाणिनीचा मस्करी हा अस्सल निवृत्तिमार्गी. ‘मस्करी निवृत्त झाला’ हे वाक्य फक्त त्याच्याबद्दल लिहिता येईल, आणि तेही चुकीचं, कारण तो कधी प्रवृत्त झालाच नव्हता.

असो. तुमच्या वाक्यात मॅस्कॉटसाठी ‘सोंग’ वापरा. कोकणात शिमग्याला सोंगं निघतात, जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचवतात, आणि तिथे भाविक हात जोडतात. हाच शब्द घरात वापरला की ढोंग होतो: “सोंगं पुरे कर, ऊठ.” श्रद्धा आणि थट्टा दोन्ही एका शब्दात. इलिनॉयच्या स्टेडियममध्ये दोन बाजूंना बसलेल्या माणसांना तो सारखाच लागू पडतो. ‘प्रतीक’वाले चिडतील. चिडू देत. त्यांच्या चीफच्या नावाबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘इलायनिवेक’चा अर्थ श्रेष्ठ पुरुष, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या छातीठोकपणे सांगत. भाषाशास्त्रज्ञांनी मायामी-इलिनॉय भाषेतलं मूळ क्रियापद शोधलं, तेव्हा अर्थ निघाला: जो नेहमीसारखं बोलतो तो. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून फ्रेंचांनी घेतला आणि आपल्या वळणाने लिहिला.

तेव्हा आपणही नेहमीसारखं बोलू या: ‘विद्यापीठाने ८१ वर्षांनी चीफचं सोंग बंद केलं, चाहते अजून आरोळ्या मारतात.’