एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत देता येतात का?

हो, बिनधास्त द्या. एक्सएमएल म्हणजे < > अशा कंसांतल्या नावांनी, म्हणजे टॅगनी, डेटा लिहायची पद्धत. 1998 मध्ये एक्सएमएल 1.0 आलं तेच युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांमधल्या अक्षरांना कोड देणाऱ्या मानकाच्या पायावर, त्यामुळे <पत्ता> किंवा <गाव> हे टॅग पहिल्यापासूनच वैध आहेत. प्रत्येक पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामला, यूटीएफ-8 आणि यूटीएफ-16 (युनिकोड फाइलमध्ये साठवायच्या दोन पद्धती) वाचता आलंच पाहिजे, असं एक्सएमएलचं मानकच सांगतं. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, बस.

खरी मेख ‘ऱ्य’मध्ये आहे. <दुसऱ्या> हा टॅग दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यामागे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण पार्सर फक्त कोड तपासतो. सुरुवातीचा टॅग एका प्रकारे आणि शेवटचा दुसऱ्या प्रकारे लिहिला गेला, तर ‘टॅग जुळत नाही’ अशी एरर येते आणि चूक शोधता शोधता डोळे दुखायला लागतात. शिवाय एक्सएमएल 1.0 मध्ये 2008 च्या पाचव्या आवृत्तीआधी तो जोडक नावात चालतच नव्हता. जुने पार्सर आजही तो नाकारतात. म्हणून कायम नुक्त्याचा ‘ऱ’ वापरा. आपल्या भाषेत डेटा लिहिण्यासाठी एवढी काळजी घेणं नक्कीच परवडतं.

वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलचं मात्र वेगळं आहे. तिथे टॅगचं नाव इंग्रजी अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, नाहीतर ब्राउझर <पत्ता> हा साधा मजकूर समजून तसाच दाखवतो. टॅगच्या आत दिलेली आयडी आणि क्लासची नावं मात्र देवनागरीत चालतात.