गणेश चवथीच्या स्प्रिंटला (टीमच्या दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याला) किती काम घ्यायचं?

टीम तू सांभाळतोस, तर आधी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) नको, दिवस मोज. 5 जण, 10 दिवस, म्हणजे 50 दिवस हाताशी. चवथीला प्रत्येकजण 3 दिवस गावच्या घरी माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायला जाणार, उरले 35. मागच्या स्प्रिंटला पूर्ण 50 दिवसांत 30 पॉइंट झाले असतील तर यंदा 21च घे. क्लायंटला हे आधीच सांग, चवथीच्या आदल्या दिवशी नव्हे.

डेली, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, 15 मिनिटांचीच. सगळे तुझ्याकडे बघून बोलायला लागले की समज, तिची हजेरी झाली. कामाची कार्डं डावीकडून उजवीकडे सरकतात तो बोर्ड उजवीकडून, म्हणजे संपत आलेल्या कामापासून वाचा: टेस्टिंगमध्ये 4 कार्डं तुंबलेली असताना डेव्हलपरनं नवं कार्ड ओढायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. कुरकुर होईल, होऊ दे. आणि सुट्टीआधीच्या संध्याकाळी रिलीज अजिबात नको. बिघडलं तर फोन उचलायला कोण असणार?