शब्द दोघांना सारखा लाव

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. 'छपरी पोरांचा रस्त्यावर धुमाकूळ' हा मथळा संपादकांनी काढून टाकला आणि यात बिघडलं काय, हेच तुला कळेना. कॉलेजात सगळेच म्हणायचे, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, असं तू लिहितेस. हेतूचं मला सांगू नकोस. तुझा हेतू चांगलाच असणार, तुला मी ओळखते. मला एवढंच सांग, हा शब्द तू कुणाला लावतेस आणि कुणाला लावत नाहीस?

जुन्या पल्सरचा सायलेन्सर बदलून गल्लीत आवाज काढणारा पोरगा तुमच्यात छपरी. आणि मध्यरात्री कोरेगाव पार्कातून परदेशी गाडी रेटणारा? तो भारी. झोप दोघंही मोडतात ना?

शब्द दोघांना सारखा लाव. लावता येत नसेल तर कुणालाच लावू नकोस.

छप्परबंद नावाची जमात आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजांनी या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायद्याचा शिक्का १९५२ साली निघाला. तुमच्या 'छपरी' शब्दाचा त्यांच्याशी धागा जोडणारे आहेत, नाकारणारेही आहेत. तो वाद घटकाभर बाजूला ठेव. धागा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

१९ मे २०२४ची पहाट आठव. कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातली पोर्शे दुचाकीवर आदळली. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण इंजिनिअर गेले. कोट्यवधीच्या गाडीची नोंदणी झालेली नव्हती. भरायचे राहिले होते १,७५८ रुपये. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि त्यात ३०० शब्दांच्या निबंधाची अट होती. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली.

निबंधावर सगळा महाराष्ट्र चिडला. मीही चिडले, पण निबंधावर नाही. सतरा वर्षांच्या पोराला सुधारायची संधी द्यावी, असं मला आजही वाटतं. चीड याची, की वस्तीतल्या पोराच्या वाट्याला तसा निबंध येत नाही. कोयता घेऊन फिरणाऱ्यांची पोलीस त्यांच्याच वस्तीतून धिंड काढतात आणि आपण 'माज उतरवला' असा मथळा देतो. कोयत्याने माणसं जखमी होतात, त्याची पाठराखण मी करत नाही. पण अठराच्या आतला मुलगा कायद्याच्या कागदावर 'विधिसंघर्षग्रस्त बालक'च असतो, बंगल्यातला असो की पत्र्याच्या खोलीतला. २०१५च्या कायद्याचं कलम ७४ दोघांचीही ओळख झाकायला सांगतं. मग आपल्या मथळ्यात एक 'अल्पवयीन कारचालक' आणि दुसरा 'गुंड' कसा होतो? म्हणून पोर्शेच्या बातम्यांतला 'बिल्डरपुत्र' हा शब्दही तुझ्या तोंडी नको. सारखा म्हणजे सारखा.

आणखी एक बघ. ७ जुलै २०२४ला वरळीत कोळीवाड्यातलं जोडपं पहाटे मासळी घेऊन स्कूटरवरून परत येत होतं. गाडीने उडवलं, बाईला फरफटत नेलं, ती गेली. त्या प्रकरणाचं नाव काय पडलं? बीएमडब्ल्यू प्रकरण. पुण्याचं पोर्शे प्रकरण. मेलेली माणसं बाजूला राहिली आणि गाडीची कंपनी लक्षात राहिली!

डेस्कवर असताना मी याच गोष्टींवरून रात्रपाळीत भांडत असे. 'टोळकं' लिहिलेलं खोडून 'चार तरुण' करायचे. वरिष्ठ म्हणत, बाई, वाचकाला झणझणीत लागतं. शेवटी मला पुरवणीत पाठवलं, पाककृती आणि राशिभविष्याच्या पानांवर. त्याची खंत आहे. पहिल्या पानावर टिकून राहायला हवं होतं, जरा गोडीने बोलले असते तर टिकलेही असते. पण ते शब्द खोडले हे बरोबरच केलं. आज पुन्हा बसवलंत तरी खोडेन.

तू लिहितेस, 'एवढं बघत बसलं तर रील कोण बघणार?' बघतील गं. नाही बघितली तर नाही. नोकरीवर बेतलं तर मला फोन कर, ओळखीच्या दोन-चार जणांशी बोलते. जेवणाची आबाळ करू नकोस, त्या शिफ्टा मला माहीत आहेत.

उद्या तोच मथळा पुन्हा लिही. मुलांची वयं, कुठला रस्ता, कशाची मोडतोड, कोण जखमी. विशेषण एकही नको. रात्री मला पाठव, मी जागीच असते.

तुझी,
मावशी