पूल साइझ वाढवू नका, आधी कनेक्शन कोण अडवून बसलंय ते बघा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या एरर मिसळल्यात, आधी त्या सुट्या करू. तुमच्या स्प्रिंग बूटच्या (जावाच्या फ्रेमवर्कच्या) लॉगमध्ये आधी 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस' येत होतं, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही हिकारीचा पूल (डेटाबेसची कनेक्शन उघडून ठेवून वाटणाऱ्या लायब्ररीतला कनेक्शनचा साठा) १० वरून १०० वर नेलात, आणि आता अ‍ॅपच्या चार कॉपी चालू केल्या की पोस्टग्रेस (तुमचा डेटाबेस) 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' म्हणून दार लावून घेतंय. पहिली एरर अ‍ॅपच्या आतली आहे, म्हणजे पूलमधलं एकही कनेक्शन ३० सेकंदात मोकळं झालं नाही. दुसरी खुद्द डेटाबेसची आहे. पहिलीवर केलेल्या उपायातून दुसरी जन्माला आली आणि पहिलीचं मूळ कारण अजून तिथेच बसलंय.

साधा हिशोब करा. पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्टला १०० असतात, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे तुमच्या हाती ९७. चार कॉपी गुणिले १०० म्हणजे ४००. आणि 'ट्रॅफिक नाही तर एवढी कनेक्शन उघडणारच नाहीत' असं जे तुम्ही लिहिलंय ते हिकारीच्या बाबतीत चुकीचं आहे, कारण मिनिमम आयडल (काम नसलं तरी उघडी ठेवायची कनेक्शन) वेगळं दिलं नाही तर ते मॅक्झिमम पूल साइझएवढंच धरलं जातं, त्यामुळे चिटपाखरू नसलं तरी प्रत्येक कॉपी वर आली की शंभरच्या शंभर भरायला बघते. त्यात रोलिंग डिप्लॉयच्या वेळी जुन्या आणि नव्या कॉपी थोडा वेळ एकत्र चालतात, तेव्हा आकडा दुप्पट. शिवाय कोणाचं तरी डीबीव्हर (डेटाबेस बघायचं टूल) उघडं असतं, रात्रीचे जॉब असतात, तेही याच ९७ मधून घेणार.

मग मॅक्स कनेक्शन्सच ५०० का करू नये? करता येतं, रिस्टार्ट मारावा लागेल एवढंच. पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवरची एक वेगळी प्रोसेस असते, तिला मेमरी लागते, आणि चार कोअरच्या मशीनवर एका वेळी शेकडो क्वेरी ढकलल्या म्हणून त्या लवकर संपत नाहीत, उलट एकमेकींच्या पायात येतात. हिकारीच्या विकीवर सुरुवातीसाठी एक सूत्र दिलंय, कोअर गुणिले दोन अधिक डिस्कची स्पिंडल्स (ढोबळमानाने डिस्कची संख्या). तुमच्या चार कोअरला ते ९ च्या आसपास येतं, आणि हा आकडा एका कॉपीचा नाही, अख्ख्या डेटाबेसचा आहे हे लोक हमखास विसरतात. मी तुमच्या जागी प्रत्येक कॉपीला ५ देईन. चार कॉपी म्हणजे २०, डिप्लॉयच्या वेळी ४०, तरीही निम्म्याहून जास्त जागा शिल्लक.

आता म्हणाल १० पुरत नव्हती तिथे ५ कशी पुरतील. इथेच खरी गोम आहे. तुम्ही ओघात लिहून गेलात की ऑर्डर सेव्ह झाली की लगेच ग्राहकाला एसएमएस जातो. माझी जवळजवळ खात्री आहे की तो एसएमएस गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनल लावलेल्या (म्हणजे पूर्ण संपेपर्यंत कनेक्शन धरून ठेवणाऱ्या) मेथडच्या आत आहे. म्हणजे इन्सर्टला समजा २० मिलिसेकंद लागली आणि गेटवेने उत्तर द्यायला ४ सेकंद घेतली, तर ते कनेक्शन ती चारही सेकंद काहीही न करता अडकून बसतं. रिक्षा दारात वेटिंगला ठेवून माणूस आत चहा पीत बसलाय आणि बाहेर स्टँडवर रांग लागलीय, तसं. १० कनेक्शन, प्रत्येक ४ सेकंद अडकलेलं, म्हणजे एका कॉपीतून सेकंदाला जेमतेम अडीच ऑर्डर. तीच कनेक्शन २० मिलिसेकंदात सुटली तर कागदावर सेकंदाला ५०० बसतात. म्हणून म्हणतो, आकडा वाढवून उपयोग नाही, अडकण्याचा वेळ कमी करा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. गर्दीच्या वेळी पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी हा व्ह्यू (कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारा तक्ता) बघा, त्यात स्टेट, स्टेट चेंज आणि क्वेरी एवढे तीन कॉलम पुरे. स्टेटमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम काही नाही) असलेल्या ओळी बऱ्याच असतील आणि त्यांचं स्टेट चेंज काही सेकंद मागचं असेल तर चोर सापडला. फक्त एक लक्षात ठेवा, अशा ओळीत दिसणारी क्वेरी ही त्या कनेक्शनवर शेवटची चाललेली असते, आत्ता चालू असलेली नाही, नाहीतर त्या बिचाऱ्या इन्सर्टलाच स्लो समजून इंडेक्स लावत बसाल. अ‍ॅपच्या बाजूने हिकारीचं लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड ३००० ठेवा (२००० च्या खाली ते चालत नाही), मग तीन सेकंदांपेक्षा जास्त कनेक्शन धरणाऱ्या कोडचा स्टॅक ट्रेस (कोणत्या मेथडमधून कोणती मेथड बोलावली त्याची यादी) लॉगमध्ये येईल. त्यात लीक शब्द दिसला म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा ते लीक (कनेक्शन कधीच परत न देणं) नसतं, नुसता उशीर असतो.

एसएमएस कमिटनंतर, म्हणजे ऑर्डर डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावर, पाठवायचा. यासाठी सगळे ट्रान्झॅक्शनल इव्हेंट लिसनर (कमिट झालं की आपोआप चालणारी मेथड) लावा म्हणतात, बरोबरच आहे, पण अर्धवट. आफ्टर कमिटचा लिसनर त्याच थ्रेडवर चालतो आणि तोवर कनेक्शन पूलमध्ये परत गेलेलं नसतं! कमिट झालंय पण कनेक्शन तुमच्याच हातात. म्हणून त्याच्यावर असिंकही लावा, म्हणजे एसएमएस दुसऱ्या थ्रेडवर जाईल आणि हा मोकळा होईल.

दुसरा संशयित म्हणजे ओपन इन व्ह्यू. स्प्रिंग बूटमध्ये जेपीए (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायची पद्धत) असेल तर हे डिफॉल्टला चालू असतं, अ‍ॅप सुरू होताना तशी वॉर्निंगही येते आणि आपण सगळे ती वर्षानुवर्षं स्क्रोल करून पुढे जातो. याच्यामुळे पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन रिस्पॉन्स जाईपर्यंत धरून ठेवलं जातं. ते फॉल्स करा. केल्या केल्या काही ठिकाणी लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन (उशिरा आणायचा ठेवलेला डेटा आता मिळत नाही अशी एरर) फुटेल, तिथे फेच जॉइन (जोडलेला डेटा त्याच क्वेरीत आणणं) किंवा डीटीओ (फक्त लागणाऱ्या फील्डचा साधा ऑब्जेक्ट) वापरून डेटा सर्व्हिसमध्येच आणा. कटकट आहे पण एकदाचीच.

पूल ५ वर आणण्याआधी एक तपासा, रिक्वायर्स न्यू (एका ट्रान्झॅक्शनच्या आत वेगळं नवं उघडायची सेटिंग) कुठे वापरलंय का. बाहेरचं ट्रान्झॅक्शन एक कनेक्शन धरून ठेवतं आणि आतलं दुसरं मागतं, पाच थ्रेडनी एकदम पहिलं घेतलं की पाचही दुसऱ्याची वाट बघत ३० सेकंद उभे. ऑडिट लॉगच्या कोडमध्ये हे हमखास सापडतं. असेल तर आधी ते काढा, नाहीतर पूल थोडा मोठा ठेवा.

मधे फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर असेल तर मॅक्स लाइफटाइम (एका कनेक्शनचं जास्तीत जास्त आयुष्य, डिफॉल्ट ३० मिनिटं) त्याच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा. गप्प पडलेली कनेक्शन तो मधेच तोडत असेल तर कीपअलाइव्ह टाइम लावा. पीजीबाउन्सरचं (पोस्टग्रेसच्या पुढे बसवायच्या वेगळ्या पूलरचं) विचारलंत, चार कॉपीसाठी आत्ता गरज नाही, तीसचाळीस झाल्या की बघू.

राहिला तुम्ही विचारलेला डॉकरमधला 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचा लॅपटॉप नाही. डॉकर कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं टूल) वापरताय तर यूआरएलमध्ये होस्टच्या जागी डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव टाका, आणि पोर्ट कंटेनरच्या आतला, म्हणजे ५४३२, बाहेर मॅप केलेला ५४३३ नाही. पासवर्ड यामलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहिलाय असं दिसतंय, नुसते आकडे असतील आणि सुरुवात शून्याने असेल तर अवतरणात टाका, नाहीतर यामल त्याला ऑक्टल (आठच्या पायाचा) नंबर समजून भलतंच काहीतरी पाठवतं. खरं तर तो तिथे नकोच, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवा.

आधी ओपन इन व्ह्यू आणि एसएमएस, मग पूल ५, याच क्रमाने करा, सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तरी अडलंच तर पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीचं आउटपुट इथे टाका, आयपी आणि यूजरनेम खोडून.