‘मॅडम, हा अजून अ काढत नाही’

वही दिवाणमागे सापडली होती. भिंत आणि दिवाण यांच्या फटीत, दोन पेन्सिलींसकट. कबीरच्या आईनं ती माझ्या टेबलावर उघडून ठेवली. ‘‘मॅडम, सव्वाचार वर्षांचा झाला. वर्गातली सगळी पोरं लिहितात, हा अजून अ काढत नाही.’’

(नाव बदललंय. खऱ्या नावातली अक्षरं मात्र याच घराण्यातली होती. ते पुढे लागणार आहे.)

नाशिकच्या कॉलेज रोडला पालक मुलांच्या अडचणी घेऊन येतात, त्या माझ्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मी आधी मुलाकडे नाही, वहीकडे बघते. वरच्या ओळीत बाईंचा लाल पेनातला अ. खाली ठिपक्यांचे अ. त्याखालच्या चौकोनांत कबीरनं काढलेली कोळ्याची जाळी, आणि कागद दोन जागी फाटलेला. पान उलटून मागून बोट फिरवलं तर पेन्सिलीचे वळ हाताला लागत होते. एवढा जोर लावणारं पोर आळशी नसतं.

घर इंदिरानगरचं. वडील अंबडच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे संध्याकाळी सात ते आठ ‘लिहायला बस’ हे खातं आईकडे. पालकांच्या ग्रुपवर रोज कुणाच्या तरी सुबक पानाचा फोटो. ‘‘परवा चापट मारली मी,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘तेव्हापासून वही काढली की म्हणतो, हात दुखतो.’’

हात खरंच दुखत असेल, असं मी म्हटलं तेव्हा ती जरा चमकली.

कबीरला कोरा कागद आणि तेलखडू दिला. त्यानं घंटागाडी काढली. आपल्या नाशिकच्या पोरांना सकाळची ती गाडी तोंडपाठ असते. चाकं गोल, नीट बंद झालेली. खोका उभ्या-आडव्या रेघांचा, कोपरे जरा गोलाकार. मग कचरा ओतताना तो खोका वर उचलला जातो ते दाखवायला तिरकी रेघ काढू लागला आणि ती भरकटली. खडू मुठीत धरलेला, मनगट टेबलापासून वर, सगळा हात खांद्यातून फिरत होता. जीभ बाहेर.

आईला सांगितलं ते असं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात, मग एकेक करत टणक होतात. चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यातली साधारण निम्मीच दिसतात, शेवटचं तर आठ वर्षांनंतर कधीतरी. हात असा कच्चा असताना रेघाही एका क्रमानं जमतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याला अधिकची खूण, साडेचार-पाचला चौकोन आणि त्यानंतर तिरक्या रेघांचा त्रिकोण. कुणाचं चार महिने अलीकडे, कुणाचं पलीकडे.

आता अ बघा. ३ च्या आकड्यासारखी दोन पोटं, मधून आडवी रेघ, मग उभा दांडा, वर शिरोरेघ. वर्णमालेत तो पहिला आला तो उच्चारामुळे. आधी स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत जाणारी व्यंजनं. ही तोंडाची क्रमवारी आहे, हाताची नाही. हाताला विचाराल तर तो व पासून सुरू करेल. एक गोल आणि एक दांडा. त्याच्या पोटात रेघ मारली की ब, बाहेर वळण काढलं की क. कबीरकडे हे सामान आधीच होतं, घंटागाडीच्या चाकांत.

सहा आठवडे घरी वही बंद, असं मी सुचवलं. इथं सोबत आलेल्या कबीरच्या आजींनी तोंड उघडलं. ‘‘न गिरवता अक्षर येतं का ओ कुणाला?’’

गिरवण्याला माझा विरोध नाही, ठिपक्यांना आहे. त्यातही चूक माझीच. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी एका आईला रोज दोन पानं ठिपक्यांची सांगितली होती. पोरानं पानांमागून पानं भरली आणि कोऱ्या कागदावर काहीच काढेना. त्याची नजर पुढच्या ठिपक्यावर असायची, अक्षरावर नाही. कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं, हे त्याला कुणी करून दाखवलंच नव्हतं.

आजींना म्हटलं, तुमच्यावरच काम आहे. रोज उंबऱ्याशी रांगोळी घालता ना? त्याला शेजारी बसवा. रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनी जशी जुळतात, पेन्सिल धरायला तीच चिमूट लागते. वाती वळणं, वाटाणे सोलणं, कणकेच्या गोळ्या करणं, सगळं चालेल. पाटी मांडीवर नको, भिंतीला टांगा. उभ्यानं लिहिलं की खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, ते मुठीत धरताच येत नाहीत. आणि ताटात रवा पसरून त्यात बोटानं ‘गोल, मग दांडा’, असं तोंडानं म्हणत. आजी लगेच म्हणाल्या, ही तर धूळपाटी! धूळपाटीच. पालघरकडच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बालवाडीत पानं, बिया, शिंपले वापरले, ते काही नुसते पैसे वाचवायला म्हणून नव्हे.

शाळेचं अवघड होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा आहे आणि त्याआधीची वर्षं खेळातून शिकण्याची. पण बाई आईला म्हणाल्या, ‘‘मला पटतं हो, पण वही कोरी गेली की बाकीचे पालक मला विचारतात.’’ शेवटी अर्ध्या ओळीवर तडजोड झाली. अर्धी ओळसुद्धा मला जास्तच वाटते.

एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते, कबीरच्या आईलाही विचारली. बटण लावता येतं का, चमच्यानं खाताना सांडतं का, चित्र बघताना डोळे अगदी जवळ नेतो का? चार उलटून गेल्यावरही गोल बंद होत नसेल, हात थरथरत असेल, तर वाट बघत बसू नका. डोळे तपासा, ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजच्या कामांतल्या हालचालींचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. कबीरचं यातलं काही नव्हतं.

फेब्रुवारीत ते मामाकडे दिंडोरीला गेले. द्राक्षं काढणं चालू होतं. खाली पडलेले मणी वेचून टोपलीत टाकायचं काम पोरानं दिवसभर केलं, न चिरडता. आईनं त्याच्या बोटांचा व्हिडिओ पाठवला, अंगठा आणि तर्जनी. तिला काय बघायचं ते आता कळत होतं.

मार्चमध्ये आणखी एक फोटो आला. वडिलांच्या गाडीची मागची काच, धुळीनं माखलेली. त्यावर बोटानं काढलेलं क, बी, र. बी ची वेलांटी भलतीकडे, क उलटा, र काचेच्या पार कडेला.

खाली प्रश्न होता : ‘मॅडम, क उलटा काढलाय. सुधारायला लावू का?’

या वयात उलटं येतंच, असं कळवलं. आणि दोन दिवस गाडी धुऊ नका म्हटलं.